आधी परतीची वेळ ठरवा: शहरातल्या बागेत सुट्टीचा अर्धा दिवस

आठ-दहा जण, त्यात दोन-तीन लहान मुलं, एखादे आजी-आजोबा, एक मोठी सार्वजनिक बाग आणि हातात चार तास. शहरात सुट्टीच्या दिवशी यापेक्षा सोपी सहल नाही. तरीही ती बिघडते, आणि बिघडते ती बहुतेक वेळा शेवटच्या तासात. मूल झोपेला आलेलं असतं, पाणी संपलेलं असतं, दोघांना निघायचं असतं, दोघं अजून खेळत असतात आणि सामान चार ठिकाणी पसरलेलं असतं. कारण साधं आहे. निघायची वेळ सगळे ठरवतात, परतायची कोणीच ठरवत नाही.

म्हणून हे सगळं नियोजन उलट्या बाजूने करायचं आहे. एक उदाहरण घेऊ. गटातलं सगळ्यात लहान मूल दुपारी एकला झोपतं. म्हणजे साडेबाराला घरी हवं. घर चाळीस मिनिटांवर, म्हणजे ११:५० ला बागेच्या गेटबाहेर. बसायच्या जागेपासून गेटपर्यंत चालणं आणि वाटेत स्वच्छतागृह, यासाठी पंधरा मिनिटं. आवराआवरीला पंचवीस. म्हणजे ११:१० ला आवरायला सुरुवात झाली पाहिजे. खाणं त्याआधी पाऊण तास, म्हणजे साडेदहाच्या आत डबे उघडले पाहिजेत. बागेत साडेआठला पोचलात तर मधले दोन तास खेळायला, फिरायला आणि नुसतं लोळायला मिळतात. घरून निघायचं पावणेआठला. आकडे तुमच्या घरचे बदला, हिशोबाची दिशा बदलू नका.

सगळे मोठेच असतील तर झोपेच्या जागी दुसरी मर्यादा घ्या: ऊन चढण्याची वेळ, बाग बंद होण्याची वेळ किंवा शेवटची सोयीची बस. मर्यादा कोणतीही चालेल, पण ती असायला हवी आणि सगळ्यांना आधी माहीत असायला हवी.

बुधवार-गुरुवार: माणसं आणि निरोप

सहा ते दहा जण ही सोयीची संख्या. बाराच्या वर गेलात की तो एक गट राहत नाही. दोन वाहनं एकमेकांची वाट बघतात, एकाच वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलता येत नाही, आणि मोजणी करताना कोणीतरी कायम कमी भरतं. मोठा गट करायचाच असेल तर सरळ दोन उपगट करा, दोन्हीकडे एकेक जबाबदार माणूस नेमा आणि फक्त खाण्याला एकत्र या.

जागा ठरवण्याआधी एकाच व्यक्तीला विचारायचं: जो सगळ्यात हळू चालतो त्याला. धडधाकट मोठा माणूस तासाला साधारण पाच किलोमीटर चालतो. तीन-चार वर्षांचं मूल सोबत असेल तर वेग निम्म्यावर येतो, कारण ते सरळ चालत नाही. गेटपासून सहाशे मीटर आत असलेली हिरवळ एकट्याला सात मिनिटांची असते. मूल, बाबागाडी आणि सामान घेऊन तीच वाट पंधरा-वीस मिनिटांची होते. ज्येष्ठांना "चालवेल का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी "हो, चालेन की" असंच येतं. "न बसता सलग किती वेळ चालता? पायऱ्या चढताना कठड्याला धरावं लागतं का?" असं विचारा. मिळालेल्या उत्तरावरून वाट निवडा, बाकीच्यांना नुसतं कळवा.

आता निरोप. "रविवारी कुठे जायचं?" हा प्रश्न गटात टाकला की तीन दिवस चर्चा होते आणि शनिवारी रात्री बेत रद्द होतो. मोकळा प्रश्न टाकू नका, दोन पर्याय टाका आणि मतदानाला मुदत द्या. बेत ठरला की एकच निरोप पाठवा. त्यात पाच गोष्टी हव्यात: कुठे (बागेचं नाव आणि कोणतं गेट), पोचायची वेळ, निघायची वेळ, कोणी काय आणायचं, आणि बेत रद्द व्हायचा असेल तर तो कधी कळणार. नमुना असा:

"रविवारी सकाळी ८:३० ला बागेच्या उत्तरेकडच्या गेटला. ठिकाणाची खूण खाली दिली आहे. ११:१० ला आवरायला घेऊ, ११:५० ला बाहेर. चटया आमच्याकडे, फळं तुमच्याकडे, चेंडू-फ्रिसबी मुलांकडे. पाऊस दिसला तर सकाळी ६:३० ला कळवते, नाहीतर ठरल्याप्रमाणे."

गेटचा उल्लेख किरकोळ वाटतो, पण सर्वांत जास्त चुकामूक इथेच होते. मोठ्या बागांना तीन-चार गेटं असतात आणि एका गेटपासून दुसऱ्यापर्यंत बाहेरून जायचं तर अर्धा-पाऊण तास जातो. नकाशाच्या ॲपमध्ये बागेचं नाव टाकलं की खूण बऱ्याचदा बागेच्या मधोमध पडते. म्हणून बागेची नको, गेटची खूण पाठवा.

पैशांचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते आधी उरकायचं. माणशी एक ठरावीक रक्कम एकाच व्यक्तीकडे आधी जमा करा. पार्किंग, तिकिटं, ऐनवेळची खरेदी सगळं त्यातून. लहान मुलांचा निम्मा वाटा किंवा काहीच नाही, हेही आधीच बोलून घ्या. उरलं तर पुढच्या वेळेला. प्रत्येकाने थोडं थोडं खर्च करायचं आणि नंतर वाटून घ्यायचं, ही पद्धत मित्रांच्या गटात कशीबशी चालते, नातेवाइकांत चालत नाही. "राहू दे, राहू दे" म्हणणारा एकच जण प्रत्येक वेळी भुर्दंड सोसतो.

शुक्रवार: जागेची पाहणी

आधी जाऊन बघता आलं तर उत्तम. नाही जमलं तर नकाशाच्या ॲपवर लोकांनी टाकलेले अलीकडचे फोटो बघा. बागेच्या अधिकृत फोटोंपेक्षा ते खरे असतात. गर्दीचे तास दाखवणारा आलेखही तिथेच असतो. सुट्टीच्या संध्याकाळी चार ते सात ही वेळ बहुतेक बागांत सर्वाधिक गर्दीची. सकाळ निवडलीत तर पार्किंग, सावली आणि स्वच्छ स्वच्छतागृह या तिन्ही गोष्टी एकदम मिळतात.

बसायच्या जागेत काय बघायचं ते महत्त्वाच्या क्रमाने सांगतो.

स्वच्छतागृह दोन-तीनशे मीटरच्या आत हवं. लहान मुलांना दर पाऊण-एक तासाला न्यावं लागतं, आणि "आत्ता लागली" म्हटल्यावर हातात पाच मिनिटंच असतात. अगदी शेजारीही बसू नका; वास, माश्या आणि सततची वर्दळ.

मग सावली. सकाळी सूर्य पूर्वेला, त्यामुळे झाडाची सावली पश्चिमेला लांब पडते आणि ऊन चढेल तशी खोडाकडे आखडत येते. सकाळी सावलीच्या पश्चिमेकडच्या टोकाला चटई टाकलीत तर अर्ध्या तासात ऊन अंगावर येईल. खोडाच्या जवळ बसा. दुपारनंतर उलट होतं: सावली पूर्वेकडे सरकते आणि वाढत जाते, म्हणून पूर्वेच्या कडेला, अगदी थोडं उन्हात बसलात तरी चालतं, सावली आपण होऊन येते. एवढ्या साध्या गोष्टीमुळे तासातासाला बिऱ्हाड हलवायचं वाचतं.

पाणी. तळ्याकाठची हिरवळ फोटोत छान दिसते, पण पाच वर्षांखालचं मूल सोबत असेल तर तिथे बसू नका. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं आणि बुडताना आरडाओरडा होत नाही. तळं बघायला जा, बसायला नको. एकाने मुलाचा हात धरायचा, आणि त्या वेळी त्याच्या दुसऱ्या हातात फोन नको.

चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर उतार तपासा. हाताने ढकलायच्या खुर्चीसाठी एकास बारा हा उतार प्रमाण मानतात, म्हणजे एक मीटर उंची चढायला बारा मीटर लांबीचा उतार. त्याहून उभा असेल तर ढकलणारा दमतो आणि उतरताना ताबा सुटू शकतो. काही गेटांवर फिरतं लोखंडी चक्र असतं, त्यातून बाबागाडी जात नाही. बाजूचं दार कुठे आहे ते विचारून ठेवा.

राहता राहिले नियम: बाहेरचं खाणं, पाळीव प्राणी, सायकल, चेंडू, पतंग यांतलं काय चालतं, बाग दुपारी मधेच बंद होते का, आणि हिरवळीला पाणी कधी देतात. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. पण पहाटे फवारे चालले असतील तर साडेआठला गवत वरून कोरडं दिसतं आणि चटईवर बसल्यावर दहा मिनिटांत ओल वर येते.

शनिवार: सामान

सगळ्यात जड गोष्ट पाणी असते, म्हणून आधी तिचा हिशोब. थंड हवेत, बसून असलेल्या माणसाला तासाला पावलीटर पुरतं. उन्हात खेळणाऱ्याला अर्धा लिटर लागतं. आठ जण, चार तास, थोडे बसलेले आणि थोडे पळणारे असं धरलं तर दहा-अकरा लिटर होतात, म्हणजे तेवढेच किलो. हे एकाच्या सॅकमध्ये घालू नका. प्रत्येकाची आपापली एक लिटरची बाटली, आणि वर दोन लिटरच्या दोन सामायिक बाटल्या एवढं पुरे. बागेत पिण्याच्या पाण्याचा नळ आहे अशी खात्री असेल तर सामायिक बाटल्या रिकाम्या न्या.

यांपैकी दोन-तीन छोट्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, म्हणून बाटली पाऊणच भरा, नाहीतर ती तडकेल. सकाळी याच बाटल्या खाण्याच्या पिशवीत डब्यांच्या वर ठेवायच्या. वर, कारण गार हवा खाली उतरते. वेगळा बर्फ नको, त्याचं पाणी डब्यात शिरायला नको, आणि शेवटच्या तासात प्यायला थंड पाणी आयतं मिळतं.

चटया: दोन बाय दोन मीटरच्या चटईवर चार, फार तर पाच मोठी माणसं पाय पसरून बसू शकतात. आठ जणांना दोन चटया हव्यात. एक माणसांना आणि एक खाण्यासाठी, असा हिशोब करू नका, खाणं मधे ठेवायला जागा लागतेच. खाली प्लास्टिकची पातळ ताडपत्री, वर कापडी चटई. नुसतं कापड ओल शोषतं, नुसत्या प्लास्टिकवर घाम येतो.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी घडीची खुर्ची न्या, आणि ती बुटकी नको. बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर उठताना दुसऱ्याचा हात लागत नाही. दुकानात हलक्या म्हणून मिळणाऱ्या खुर्च्या बहुधा ३० सेंटिमीटरच्या असतात. त्यात बसता येतं, उठता येत नाही.

उरलेलं सामान एका छोट्या पिशवीत मावतं:

– ओले टिश्यू, साबणाचे कागद, एक लहान टॉवेल
– कचऱ्यासाठी दोन पिशव्या, ओला आणि सुका वेगळा, शिवाय एक जास्तीची
– चिकटपट्ट्या, जंतुनाशक, बँडेजची पट्टी, कात्री, आणि प्रत्येकाची रोजची औषधं
– मुलांचा एकेक जास्तीचा कपडेजोड, मोज्यांसह
– सनस्क्रीन, टोप्या, डास पळवणारं मलम
– पॉवर बँक आणि त्याची केबल
– चाकू, दोन चमचे जास्त, मीठ

सनस्क्रीनबद्दल दोन शब्द. एसपीएफ ३० त्वचा भाजवणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकडा वाढवून फारसं हाती लागत नाही. फरक पडतो तो किती लावलं त्याने. उघड्या अंगाला सढळ हाताने, निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. सहा महिन्यांखालच्या बाळाला न लावता सावलीतच ठेवा. डासांचं मलमही लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर मलम. घड्याळाशिवाय ऊन ओळखायची सोपी खूण म्हणजे स्वतःची सावली: ती उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक समजा.

काय खायला न्यावं

काय न्यावं हे ज्याच्या त्याच्या घरच्या आवडीवर आहे, पण काय किती वेळ टिकतं हे आवडीवर नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान अन्नातले जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं, दुधाचं, अंड्याचं किंवा मांसाचं अन्न या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. हे घड्याळ बागेत पोचल्यावर सुरू होत नाही, डबा फ्रीजमधून किंवा गॅसवरून उतरल्यापासून सुरू होतं. पावणेआठला भरलेला डबा साडेदहाला उघडायचा असेल तर मधे पावणेतीन तास जातात. म्हणून असा डबा एकतर गोठलेल्या बाटल्यांसोबत गार ठेवा किंवा तो बेतच सोडा.

भाताबद्दल लोक गाफील असतात. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रीचा भात पिशवीत घालून नेणं टाळाच.

सुरक्षित गोष्टी कंटाळवाण्या असतात, पण बऱ्याच असतात: न कापलेली फळं, कोरडे पदार्थ, सुकामेवा, पाव, भाजलेले दाणे. फळं तिथेच कापा. कापलेलं फळ दोन तासांच्या हिशोबात येतं, अख्खं येत नाही. पातळ, सांडणारं आणि ताटलीशिवाय खाता न येणारं काही नेऊ नका. एका हाताने खाता येतं का, एवढी एकच परीक्षा पुरते.

हात धुण्यासाठी जेल नेलं असेल तर त्यात अल्कोहोल निदान ६० टक्के आहे हे बघा. मात्र मातीने किंवा तेलाने माखलेल्या हातांवर ते नीट काम करत नाही. मुलं मातीत खेळून आली की आधी पाणी आणि साबणाचा कागद, जेल नंतर.

आणि खाणं एकदाच पूर्ण उघडू नका. पोचल्यावर लगेच थोडं काहीतरी तोंडात टाकायला द्या, मुख्य डबे ठरलेल्या वेळीच काढा. सुरुवातीलाच सगळं मांडलं की नऊला जेवणं होतात, अकराला पुन्हा भूक लागते आणि पिशवीत फक्त मीठ उरलेलं असतं.

सकाळी सहा: हवामान

अंदाजात "पावसाची शक्यता ४० टक्के" असं दिसलं म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस पडणार असं नसतं. त्या कालावधीत तुमच्या जागी पाऊस होण्याची शक्यता तेवढी, इतकाच अर्थ. म्हणून पूर्ण दिवसाचा आकडा बघून बेत मोडू नका. तासागणिक अंदाज उघडा आणि आपले चार तासच बघा. पुढच्या एक-दोन तासांसाठी रडारचं हलतं चित्र त्याहून भरवशाचं.

विजेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा; तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढं अंतर पुरेसं सुरक्षित नाही. झाडाखाली किंवा उघड्या छत्रीवजा निवाऱ्यात थांबू नका. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटं तिथेच थांबा.

पोचल्यावरची पहिली वीस मिनिटं

मुलांना लगेच सोडून देऊ नका, मोठ्यांनाही नको. क्रम असा ठेवा.

चटई टाकण्याआधी वर बघा आणि मग खाली बघा. वर वाळकी फांदी, मधमाश्यांचं पोळं किंवा पक्ष्यांची वस्ती आहे का. खाली मुंग्यांची वारुळं, काचा, कुत्र्यांची घाण आहे का. चटईच्या जागी एकदा मोजे घातलेला पाय फिरवला तर खडे कळतात. मग एक मोठा माणूस सगळ्या मुलांना घेऊन स्वच्छतागृह दाखवून येतो. याच फेरीत हद्द दाखवायची: "त्या बाकापर्यंत, या वाटेपर्यंत, तिथून पुढे विचारून." डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा सांगा, "लांब जाऊ नका" याचा मुलांना काही अर्थ लागत नाही.

त्यानंतर प्रत्येक मुलाचा एक पूर्ण उंचीचा फोटो, आजच्या कपड्यांत, आजच्या बुटांत. मूल चुकलं तर कोणालाही धड सांगता येत नाही की शर्ट निळा होता की हिरवा. फोटो सुरक्षारक्षकाला दाखवता येतो. मनगटाच्या आतल्या बाजूला पेनाने फोन नंबर लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे घामाने पुसणार नाही. मुलाला दोनच गोष्टी शिकवा: चुकलास तर जिथे आहेस तिथेच थांब, आणि मदत मागायची तर गणवेशातल्या माणसाकडे किंवा मुलं सोबत असलेल्या बाईकडे.

आणि मूल खरंच दिसेनासं झालं तर सगळे एकदम धावू नका. एक जण चटईवरच थांबतो, कारण मूल बहुधा तिथेच परत येतं. एक जण सगळ्यात आधी पाण्याकडे जातो, एक गेटाकडे, एक सुरक्षारक्षकाकडे. नाव मोठ्याने घेत, कपड्यांचं वर्णन ओरडून सांगत फिरा. अनोळखी लोकही बघू लागतात.

मोठी माणसंही हरवतात, फक्त ती कबूल करत नाहीत. व्हॉट्सॲपवर थेट ठिकाण १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी दाखवता येतं. बाग मोठी असेल तर ज्येष्ठांच्या फोनवरून आठ तासांचं लावून ठेवा. फार गर्दीत इंटरनेट अडखळतं, तिथे साधा एसएमएस आधी पोचतो.

गटाचा फोटोही याच वीस मिनिटांत काढून टाका. नंतर काढू म्हटलं की कोणीतरी लवकर निघतं, कोणीतरी झोपतं.

दोन तास करायचं काय

अनुभवी लोक इथे फारसं ठरवत नाहीत, आणि ते बरोबर आहे. दर अर्ध्या तासाचा कार्यक्रम आखलात तर ती शाळेची सहल होते. दोन खेळ, एक फेरफटका आणि बसून करण्याचं एक काहीतरी, एवढं सोबत असलं की पुरे.

खेळ निवडताना झाडाची पानं बघा. ब्युफोर्टच्या वाऱ्याच्या मापनपट्टीत तिसरी पायरी म्हणजे पानं आणि लहान डहाळ्या सतत हलत राहणं; वारा तासाला १२ ते १९ किलोमीटर. बॅडमिंटनचं फूल जेमतेम पाच ग्रॅमचं असतं, या वाऱ्यात ते खेळणं म्हणजे झुडपांत शोधाशोध. अशा वेळी फूल पिशवीतच राहू द्या आणि पतंग काढा, नियमात बसत असेल तर. धूळ आणि कागद उडू लागले की चौथी पायरी. मग चेंडू आणि जमिनीवरचे खेळ.

फ्रिसबी घ्यायची तर मोठ्यांसाठी १७५ ग्रॅमची घ्या, स्पर्धेतली हीच असते. हलकी तबकडी वाऱ्यावर भरकटते. १७५ ग्रॅमची जोरात आली तर बोट दुखतं, म्हणून दहा वर्षांखालच्या मुलांना कापडी किंवा मऊ रबराची द्या. फेकताना लोक हात जोरात झटकतात आणि तबकडी तिरकी होऊन जमिनीत घुसते. मनगटाने फिरकी द्यायची, तबकडी जमिनीला समांतर ठेवायची आणि सुरुवातीला दोघांमध्ये आठ-दहा मीटरच अंतर ठेवायचं.

वयं मिसळलेल्या गटात धावण्याच्या स्पर्धा टाळा. तीच मुलं जिंकतात आणि तीच रडतात. नेम धरण्याचे खेळ घ्या. सहा ते दहा मीटरवर एक लहान चेंडू टाकायचा आणि आपापला मोठा चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा. यात सहा वर्षांची नात आणि सत्तरीचे आजोबा खरोखर बरोबरीने खेळतात. हाच पेटांक, पाय न हलवता खेळायचा फ्रेंच खेळ. दक्षिण फ्रान्समधल्या ला सिओता गावात १९०७ च्या सुमारास तो असा आकाराला आला, तो संधिवातामुळे धावू न शकणाऱ्या एका खेळाडूसाठीच, असं सांगतात.

फेरफटक्याला दुर्बीण न्यायची असेल तर तिच्यावरचे आकडे बघा. ८×४२ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि समोरच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दहा पटीची घ्यायचा मोह होतो, पण हाताची थरथरही दहा पट होते आणि मुलांना पक्षी सापडतच नाही. शिकवायचं असं: नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, दुर्बीण डोळ्यांकडे आणायची. मुलं उलट करतात, आधी दुर्बीण लावतात आणि मग आभाळभर शोधत बसतात.

मधमाशी चावली तर काटा नखाने, कार्डाने, कशानेही काढा, पण लगेच काढा. पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाची, कारण काटा आत असेपर्यंत विष उतरत राहतं. मग धुऊन गार बाटली लावा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला किंवा अंगभर गांधी आल्या तर थांबू नका, तातडीच्या वैद्यकीय मदतीला फोन करा.

पाऊस आला तर

सकाळी ६:३० ला बेत बदलला तर पर्याय तयार हवा, आणि तोही गुरुवारीच ठरलेला हवा. संग्रहालय हा चांगला पर्याय, फक्त तिथे बागेचा हिशोब चालत नाही. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन आइव्ह्‌ज गिलमन यांनी १९१६ मध्येच "संग्रहालयाचा थकवा" या विषयावर लिहिलं होतं. वाकून, मान उंचावून, वळून बघण्याने प्रेक्षक कसा दमतो हे त्यांनी फोटो काढून दाखवलं. तिथे चार तास धरू नका, नव्वद मिनिटं धरा. दोनच दालनं निवडा, सगळ्यात हवं ते आधी बघा आणि पाऊण तासाने सगळ्यांना बसवा. मुलांना प्रत्येकी एकच गोष्ट शोधायला सांगा: सगळ्यात लहान वस्तू, दात दिसणारा चेहरा, निळा रंग. अनेक संग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी असतो. दोन्ही आधी बघा.

११:१०

वीस मिनिटं आधी, म्हणजे १०:५० ला, मुलांना सांगा की अजून एक डाव. "चला आता" असं अचानक म्हटलं की रडारड ठरलेली. दिलेला शेवटचा डाव मात्र खरंच शेवटचा असू द्या, नाहीतर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवणार नाही.

आवरताना कामं वाटून द्या. एक जण खाण्याचे डबे, एक जण कचरा, एक जण मुलांचे बूट आणि कपडे. चटया सगळ्यात शेवटी, आणि त्या झटकण्याआधी एकाने सगळ्यांना उभं करून चटईवर हात फिरवायचा; किल्ल्या, चष्मे आणि कानातली इथेच सापडतात. झटकायचं ते वाऱ्याच्या दिशेने, माणसांपासून लांब. कचरापेटी भरून वाहत असेल तर पिशवी तिच्या शेजारी ठेवू नका, प्राणी ती फोडतात. गाठ मारून घरी न्या. निघताना माणसं मोजा, गेटवर पुन्हा मोजा आणि वाहनात बसल्यावर एकदा.

कोणाला थांबायचं असेल तर त्यांना थांबू द्या, पण ते आपल्या जबाबदारीवर आणि आपल्या वाहनाने. गटाची परतीची वेळ त्यांच्यासाठी हलवायची नाही.

घरी गेल्यावर तीन कामं त्याच दिवशी उरका: उरलेलं शिजवलेलं खाणं दोन तासांच्या हिशोबात बसत नसेल तर फेकून द्या, ओली ताडपत्री उलगडून वाळत घाला, घडी करून ठेवलीत तर दोन दिवसांत बुरशीचा वास येतो, आणि खर्चाचा हिशोब शिल्लक रकमेसकट गटात टाका.